जुन्या धर्तीचे फ्रॉक आणि पोलकी घरी शिवणारं कोणी आहे का? पेपर पॅटर्नबद्दल बोलूया

सुईदोरा (फोंडा)
नमस्कार मंडळी. शिवणकाम मला बऱ्यापैकी येतं, ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, पोरांचे कपडे सगळं घरीच शिवते. आता मनात आहे ते १९५० च्या सुमाराचे फ्रॉक, म्हणजे मुक्तीच्या आधीच्या गोव्यातल्या फोटोंत दिसतात ना तसे, कंबरेत नेटके, खाली भरपूर घेर, गळ्याला छोटी गोल कॉलर. कार्निव्हलसाठी नकोत, रोज ऑफिसला घालायला हवेत. एक जुनं अमेरिकन पॅटर्नचं (म्हणजे कापड बेतायच्या कागदी साच्यांचं) पाकीट मागवलंय, उघडलं तर आत पातळ टिश्यूचे तुकडे आणि त्यांच्यावर काहीही छापलेलं नाही, नुसती भोकं! पाकिटावर नंबर १६ लिहिलाय. माझी छाती ३६, काखेखालून पण छातीच्या उंच भागाच्या वरून घेतलं तर ३४, कंबर २९. टेलर म्हणाला कागद राहू दे, एखादा जुना फ्रॉक आणून दे त्यावरून कापतो. पण मला स्वतःला शिकायचंय. ती भोकं कशी वाचायची, नंबर माझा आहे की नाही, आणि आपल्या हवेत कापड कुठलं घ्यायचं?

आबोली (मडगाव)
वा, मस्त विषय काढलात ताई. आधी एक काम करा, तो टिश्यू कापडावर ठेवून कापू नका. जुना टिश्यू टाचणी लावली की फाटतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात कागदाला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. प्रत्येक तुकडा ब्राऊन पेपरवर उतरवून घ्या, भोकं आणि कडेच्या खाचा सगळ्या उतरवा, प्रत्येक तुकड्यावर नाव लिहा, आणि मूळ पाकीट प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद करून ठेवा.

भोकांचं म्हणाल तर त्या काळी बऱ्याच कंपन्यांचे पॅटर्न असेच असायचे. एका ओळीत मोठी भोकं दिसली तर बहुतेक तो उभा धागा, कडेला लागून असली तर तिथे कापडाची घडी, लहान भोकं म्हणजे टक्स (कपड्याला आकार द्यायला शिवतात ती निमुळती चिमटी) किंवा प्लीट. पण कंपनीगणिक खुणा बदलतात, त्यामुळे आतल्या सूचनांच्या कागदावर भोकांचा तक्ता असतो तो बघितल्याशिवाय कात्री लावू नका. माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड, बहुतेकांत धरलेलीच असते, पण किती तेही तिथेच बघा, पुढे ५/८ इंच म्हणजे साधारण दीड सेंटीमीटर हे ठरून गेलं. आपण ब्लाऊजला बाजूला इंच दीड इंच माया सोडतो, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून, तशी हवी असेल तर ती वेगळी वाढवा.

आता नंबर. दुकानातल्या आजच्या १६ नंबरशी याचा काही संबंध नाही. १९५० च्या सुमाराचा १६ म्हणजे छाती ३४ इंच, १९६० च्या दशकाच्या शेवटी मापं बदलली तेव्हा हीच ३४ छाती १२ नंबरात गेली. म्हणून पाकिटावर छातीचे इंच लिहिलेले असतात तेच बघायचे. आणि ३४ वाचून पाकीट बाजूला टाकू नका! तुमचं काखेखालचं माप ३४ आहे म्हणजे खांदा, गळा, मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा गोल) तुम्हाला बरोबर बसणार. ३६ चा घेतला असतात तर छाती बसली असती आणि खांदे उतरले असते. खांदा आणि मुंढा दुरुस्त करणं कटकटीचं काम, छाती वाढवणं त्या मानाने सोपं.

मांडवीकाठ
प्रश्न विचारतो, राग मानू नका. आपल्याकडे पॅटर्न लागतोच कशाला? माझे वडील शिलाईचं काम करायचे, पोर्तुगीज राजवटीत शिकलेले, छातीचं एक माप घेतलं की त्याला ४ ने, ६ ने, १२ ने भागून थेट कापडावर खडूने आखायचे. गळ्याची रुंदी छातीचा १२ वा भाग, असे सगळे हिशोब तोंडपाठ. मडगावच्या मेमसाबांचे फ्रॉक याच हिशोबाने शिवले जायचे, गिऱ्हाईक मासिकातलं चित्र आणून द्यायचं आणि चित्रावरून कपडा उभा राहायचा. मग परदेशातून कागद मागवून त्यावर एवढा खर्च का?

आबोली (मडगाव)
दादा, राग कसला, तुमच्या वडिलांची विद्या मोठी होती, ती हातात असेल त्याला पॅटर्नची गरज नाही हे मलाही मान्य आहे. पण ती वर्षानुवर्षं मास्तरच्या हाताखाली बसून यायची आणि बहुतेक पुरुषांनाच मिळायची. घरी शिवणाऱ्या बाईपर्यंत ती पोचली ती या कागदामुळे. एबेनेझर बटरिक म्हणून एक शिंपी होता अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावी, त्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांत कापलेले कागदी पॅटर्न विकायला काढले. त्याआधी मासिकांत नकाशे यायचे पण एकाच मापाचे, मोठं लहान तुमचं तुम्ही करायचं. नंतर १९५० मध्ये जर्मनीत बुर्दाचं मासिक निघालं, त्यात थोड्याच दिवसांत पॅटर्नची शीट यायला लागली, एकाच मोठ्या कागदावर दहा कपड्यांच्या रेघा एकमेकींवर. त्यातून आपली रेघ शोधून उतरवायची. (बुर्दाचं शीट वापरणाऱ्यांनी एवढं नक्की लक्षात ठेवा, त्यात माया धरलेली नसते, आपण सोडायची.)

आणि दुसरं म्हणजे चित्रावरून बाहेरचा आकार येतो, आतलं काम येत नाही. कॉलर वरून एक दिसते पण खालचा पदर वरच्यापेक्षा कणभर लहान कापायचा म्हणजे शिवण उलटून वर येत नाही, हे पॅटर्नच्या तुकड्यांतून कळतं. एखादा जुना पॅटर्न नुसता उतरवून काढला तरी खूप शिकायला मिळतं.

मांडवीकाठ
हे पटलं. कॉलरचा खालचा पदर वडीलही लहानच कापायचे, पण विचारलं तर फक्त "असंच असतं" म्हणायचे.

रंगपट (पेडणे)
मी आमच्या नाट्यमंडळाची वेशभूषा बघतो. कला अकादमीच्या स्पर्धेसाठी मुक्तिलढ्यावरचं नाटक करताना आम्हालाही हेच फ्रॉक लागले होते, तेव्हा थोडा अभ्यास केला होता तो इथे टाकतो. "जुना काळ" म्हणून सगळं एकत्र करू नका, दहा वर्षांत कपडा पार बदलतो. १९४० च्या दशकात महायुद्धामुळे कापडाची टंचाई, ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन होतं ते १९४९ पर्यंत चाललं, बटणं किती, प्लीट किती यावरसुद्धा बंधनं. त्यामुळे त्या वर्षांचे फ्रॉक आखूड, घेर कमी, खांदे मात्र चौकोनी, आत पॅड. मग १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये ख्रिस्तियां दियोर या फॅशन डिझायनरने कंबर बारीक आणि घागऱ्यासारखा घेर असलेले कपडे आणले आणि जगभर तेच झालं. सुईदोरा ताईंना हवाय तो हा नंतरचा. आमच्या नाटकाचा काळ १९५५, म्हणजे १५ ऑगस्टच्या सत्याग्रहाचं वर्ष, म्हणून शाळेतल्या टीचरला घेरदार फ्रॉक दिला आणि तिच्या आईला जाणूनबुजून ४० च्या दशकातला चौकोनी खांद्याचा. आईने दहा वर्षांपूर्वी शिवलेला कपडा अजून वापरातच असणार ना. रंगमंचावर दोघी शेजारी उभ्या राहिल्या की न सांगता वय कळायचं.

बेळगावी_कुंदा
कापडाबद्दल मी सांगते, माहेर बेळगाव, सासर म्हापसा, दोन्हीकडचे बाजार पालथे घातलेत :) पॉपलीन नाहीतर जाडसर कॉटन सॅटीन घ्या, फ्रॉकला अंग हवं, नुसता वॉइल घेतला तर घेर पायाला चिकटतो. बेळगावच्या खडेबाजारात व्हरायटी जास्त मिळते, म्हापशाला शुक्रवारी कटपीस चांगले मिळतात पण सव्वातीन मीटर सलग मिळेलच असं नाही. आणलं की आधी पाण्यात भिजवा, रात्रभर, मग सावलीत वाळवून इस्त्री आणि मगच बेता. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि इथे कंबर मापात बसवायची असल्याने अर्धा इंच आटलं तरी हुक लागणार नाही.

आणखी एक. जुन्या पाकिटावर कापड किती लागेल ते यार्डात आणि ३५ किंवा ३९ इंच पन्ह्यासाठी (कापडाच्या रुंदीसाठी) लिहिलेलं असतं. आपल्याला मिळतं ४४ पन्ह्याचं, त्यामुळे तेवढं लागत नाही. ब्राऊन पेपरचे तुकडे जमिनीवर ४४ इंचात मांडून बघा आणि मगच खरेदीला जा.

घेराचा हिशोब पॅटर्नशिवाय पण जमतो. पूर्ण गोल हवा तर कंबरेला ६.२८ ने भागायचं. तुमच्या २९ कंबरेला साधारण ४.६ इंच येतात, त्या त्रिज्येचा आतला गोल, त्यात माया धरून अर्धा इंच कमीच कापा. खाली लांबी २५ धरली तर ४४ पन्ह्यात दोन अर्धगोल काढायला सव्वातीन मीटर लागतं. अर्धा गोल पुरत असेल तर ३.१४ ने भागा, कापड दोन मीटरच्या आत बसतं, आणि ऑफिसला खरं म्हणजे अर्धा गोलच बरा, स्कूटरवर बसता येतं.

कापून झालं की लगेच खालची दुमड घालू नका हं. कंबर जोडून हँगरला एक पूर्ण दिवस टांगून ठेवा. गोलात जिथे कापड तिरकं येतं तिथे ते वजनाने खाली उतरतं, आणि आपल्या दमट हवेत तर जास्तच. टांगल्यावर जमिनीपासून पट्टीने मोजत खूण करा मग दुमडा.

सुईदोरा (फोंडा)
किती छान माहिती देताय सगळे, देव बरें करूं! कागद उतरवून झाले. तक्ता मिळाला सूचनांच्या कागदावर, माया धरलेली आहे. ३४ चा पॅटर्न आणि माझी ३६ छाती, ते नेमकं कसं वाढवायचं ते सांगाल का कोणी? आणि फ्रॉकची वरची लांबी मला बरीच जास्त वाटतेय, आरशासमोर कागद धरला तर कंबर पोटावर येते.

आबोली (मडगाव)
लांबी आधी, छाती नंतर, हा क्रम मोडू नका. हे पॅटर्न साडेपाच फुटाच्या आसपासच्या बाईसाठी आखलेले असतात. मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत पाठीचं माप घ्या, कागदावर तेच मोजा, माया सोडून. जो फरक येईल तेवढी आडवी चुणी मुंढा आणि कंबर यांच्या मधोमध कागदालाच घालून चिकटवा, पुढे आणि पाठीला सारखीच. कंबरेकडून कापून टाकायचं नाही, नाहीतर कंबरेचा आकार आणि टक्स दोन्ही जातील.

आता छाती. पुढचा कागद अंगावर लावून छातीचा उंच बिंदू पेन्सिलने मांडा. त्या बिंदूपासून तीन रेघा काढा, एक सरळ खाली कंबरेच्या टक्सच्या मधून, दुसरी मुंढ्याच्या खालच्या भागाकडे, तिसरी बाजूच्या शिवणीकडे. कात्री कंबरेपासून लावा, वर बिंदूपर्यंत जा, वळून मुंढ्याकडे जा आणि शिवणीच्या रेघेवर थांबा, तिथे कागद कणभर जोडलेला राहू दे, तो बिजागरीसारखा फिरायला हवा. मायेच्या बाजूने छोटी चीर त्या जागेपर्यंत द्या, मग नीट फिरतो. बाजूची रेघ बाहेरून आत कापा, बिंदूजवळ पुन्हा कणभर जोड ठेवा. आता बाजूचा तुकडा बाहेर सरकवा. तुम्हाला एकूण २ इंच हवेत आणि कागद अर्ध्या पुढ्याचा आहे, म्हणून उभी फट बिंदूपासून खाली कंबरेपर्यंत सारखी १ इंच उघडा. सरकवताना बाजूला आपोआप एक टक्स उघडतो, तो तसाच राहू द्या, तोच छातीला जागा देतो. मधला तुकडा खाली आखूड पडलेला दिसेल, त्याला कंबरेच्या वर आडवा कापा आणि खाली सरकवून तळाची रेघ जुळवा. सगळं नव्या कागदावर चिकटवा. कंबरेचा टक्स १ इंचाने मोठा झालाय. पॅटर्नची कंबर २८ आणि तुमची २९, म्हणून तो अर्ध्या पुढ्याला पाव इंच कमी घ्या आणि पाठीच्या टक्सलाही तसंच, चार ठिकाणी पाव पाव इंच मिळून तुमचा इंच भरतो. टक्सचं टोक बिंदूच्या अलीकडे इंचभर थांबवा, बिंदूवर नेलं तर टोक निघतं.

आणि मग मांजरपाटावर कच्चं शिवून बघा! फक्त वरचा भाग, एका बाहीसकट. मशीनवर टाका लांबात लांब ठेवा म्हणजे पटकन उसवता येतं. घालून हात वर करा, खाली बसा, दीर्घ श्वास घ्या. आत जे कपडे रोज घालणार तेच घालून बघायचं, आतले कपडे बदलले की बिंदू वरखाली होतो. जिथे ओढतंय तिथे मांजरपाट कापून मधे तुकडा टाचा, जिथे फुगतंय तिथे चिमटीत धरून टाचा, आणि ते सगळं परत कागदावर न्या. मांजरपाटाचे पैसे वाचवायला जाऊ नका कोणी.

पाटोपूल
पीडीएफ पॅटर्न घेणाऱ्यांसाठी. जुन्या पॅटर्नचे स्कॅन किंवा नव्याने आखलेले पॅटर्न पीडीएफ मिळतात, ते छापताना प्रिंटरमध्ये १०० टक्के ठेवा, "पानात बसवा" वालं ऑप्शन बंद. पहिल्या पानावर मापाचा चौकोन असतो तेवढं एकच पान आधी काढून पट्टीने मोजा, चौकोन बरोबर आला तरच बाकीची काढा. पानं चिकटवायचा कंटाळा असेल तर इंजिनिअर आर्किटेक्टचे प्लॅन छापून देणारी दुकानं पणजीत आहेत, ते ए-झिरो म्हणजे मोठ्या कागदावर एकसंध काढून देतात.

काळजी एकच, मोठ्या कंपन्या जुने पॅटर्न पुन्हा छापतात त्यावर नंबर आजच्या हिशोबाचा असतो आणि कपडा मूळपेक्षा सैल आखलेला असू शकतो. तयार कपड्याची छाती कंबर किती होणार ते पाकिटावर किंवा कागदावर लिहिलेलं असतं, ते बघून नंबर निवडा.

आजीची_पेटी (साखळी)
तुमची चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी साठीची आहे, आमच्या घरी खणाची जुनी पोलकी आहेत, आईच्या आणि आजीच्या वेळची. एक उलटं करून बघितलं तर काखेत एक चौकोनी तुकडा तिरका बसवलेला आहे, कोपरा वर कोपरा खाली. बाही आणि अंग जवळजवळ सरळ कापलेलं, कापड वाया जाऊ नये म्हणून, आणि हात वर गेला पाहिजे म्हणून काखेत हा तुकडा. नातीने मला तिच्याकडचा १९५० च्या दशकातला एक परदेशी पॅटर्न दाखवला, त्यात बाही अंगासकट एकच कापलेली आणि काखेत तस्साच तुकडा! साखळीतली माझी आजी आणि कुठली ती न्यूयॉर्कची कंपनी, दोघींनी हात वर जाण्यासाठी एकच तोड काढली, मला फार आनंद झाला बघून.

तो तुकडा बसवायला लोक घाबरतात, घाबरू नका. जिथे कापडाला चीर द्यायची त्या चिरेच्या टोकाला मागून मलमलचा इंचभर तुकडा बारीक टीप घालून आधी शिवा, टोकाला एक टाका आडवा घ्या. मग चीर अगदी त्या टाक्यापर्यंत द्या, धागा सोडून. मलमल आत उलटवली की चिरेला भक्कम कड मिळते आणि कोपरा उसवत नाही. तुकड्याची एकेक बाजू टोकापासून बाहेर शिवायची, चारही एकदम फिरवत शिवायची नाहीत. खणाचं पोलकं करणार असाल तर काठ बाहीच्या टोकाला येईल असं बेता, आणि गुळेदगुड्डचा अस्सल खण अरुंद असतो म्हणून आधी बाह्या मांडून घ्या, अंग उरलेल्यात बसतं.

सुईदोरा (फोंडा)
काकू, फोटो टाकाल का त्या काखेचा? मला तर आता पोलकंही शिवावंसं वाटायला लागलंय.

आजीची_पेटी (साखळी)
नात आली की टाकते ग बाय. तोपर्यंत एका जुन्या रुमालावर चीर देऊन सराव कर.

रंगपट (पेडणे)
फुग्याच्या बाह्या कोणी करत असेल तर, नुसत्या चुण्या घातल्या की दुपारपर्यंत बाही बसते. आत ऑर्गंडीची (पातळ पण कडक सुती कापडाची) दुहेरी पट्टी चुण्या घालून मुंढ्याच्या शिवणीत धरायची, फुगा दिवसभर राहतो. घेरासाठी आत जाळीचा पेटीकोट गोव्यात मे महिन्यात सहन होत नाही, आम्ही सुती परकराला खाली दोन झालरी लावून तांदळाच्या पेजेची निवळ देतो. खळ कडक बसते, आणि धुतली की जाते. पावसात मात्र खळ दिलेलं कापड साठवू नका, बुरशी आणि झुरळं दोन्ही येतात, धुवून ठेवा.

मांडवीकाठ
मशीनबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगतो. घरात जुनी काळी पायाची किंवा हाताची मशीन असेल तर या कपड्यांना तीच उत्तम. ती फक्त सरळ टीप मारते आणि त्या काळचे कपडे सरळ टिपेनेच शिवलेले आहेत. कडा सुटू नयेत म्हणून नागमोडी कात्रीने कापायच्या किंवा हाताने कात टाके घालायचे, पातळ कापड असेल तर फ्रेंच सीम, म्हणजे कडा आत झाकणारी दुहेरी शिवण. पॉपलीनला १४ ची सुई, मलमल वॉइलला ११ ची. आपल्या खाऱ्या हवेत सुई मशीनला लावून महिनाभर ठेवली तर गंजते आणि कापडावर डाग देते, काम झालं की काढून ठेवा. तेल दिल्यावर आधी चिंधीवर टिपा मारा.

सुईदोरा (फोंडा)
मांजरपाट शिवून झाला! खांदा आणि मुंढा एकदम चपखल, आबोलीताई तुम्ही म्हणालात तसंच. छातीला थोडं ओढत होतं पण श्वास घेताना, म्हणून बाजूला दोन्हीकडे पाव इंच दिला. निळं पॉपलीन भिजत घातलंय. आता शेवटचा प्रश्न, पॅटर्नमध्ये उघडायची जागा डाव्या बाजूला काखेखाली दाखवलीये, पाठीला नाही. तशीच ठेवू की पाठीला चेन लावू?

आबोली (मडगाव)
डावीकडेच ठेवा. त्या काळी बहुतेक घरगुती फ्रॉकना चेन डाव्या बाजूलाच असायची, पाठ अखंड राहते आणि उजव्या हाताने सहज लावता येते. मूळ धातूची असेल, आपल्याकडे ती घामाने नि हवेने हिरवी पडते, नायलॉनची घ्या, ९ किंवा १० इंच. चेन लावायच्या जागी कापडाला आतून पातळ फ्यूजिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराची) पट्टी लावा, नाहीतर तिथे कापड ताणून लाटा येतात. आधी कच्चा टाका घालून घ्या, चेन वर काखेपासून दीड इंच खाली सुरू करा आणि कंबरेची शिवण दोन्ही बाजूंना एका रेषेत आली का ते बघूनच टीप मारा. कंबरेला आतून एक अर्ध्या इंचाची सुती फीत धावदोऱ्याने बसवून तिला हुक लावलात तर सगळा ताण फितीवर जातो आणि चेन वर्षानुवर्षं टिकते.

बेळगावी_कुंदा
आणि तयार झाल्यावर फोटो टाकायला विसरू नका, उलट्या बाजूचे पण हवेत!